दप्तर बारमाही, दप्तरदार हंगामी



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा कुरकुंभच्या कारखान्यांवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो जुन्या कागदांची राखण करणाऱ्या माणसांचा. त्यावर चालकांनी दोनदा फोन करून ऐकण्यात काही चूक तर होत नाही ना, याची खात्री करून घेतली. त्यांना दोष देता येत नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण फाटकसभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीवाल्याकडून विकत घेतलेल्या पुस्तकांत झाले. असा माणूस दप्तरखान्याच्या गोष्टी सांगू लागला म्हणजे ऐकणाराला चमत्कारिक वाटणारच. पण गेल्या वर्षी आमच्या संघटनेवर एक प्रसंग आला, आणि त्या प्रसंगाने आम्हांस असे काही शिकवले की ते चार लोकांत सांगितल्यावाचून राहवेना.

प्रसंग असा. कुरकुंभला पुणे–सोलापूर रस्त्याच्या कडेला आमच्या संघटनेची दोन खोल्यांची कचेरी आहे. तीत एक पत्र्याची पेटी, दोन लोखंडी कपाटे आणि जुन्या धोतरांत बांधलेली चौदा बोचकी आहेत. फाटकसभांची हस्तपत्रके, कार्यकारिणीच्या इतिवृत्तांच्या वह्या, ठेकेदारांच्या हजेरीपटांच्या नकला, पगारचिठ्ठ्या, तडजोडीचे करारनामे, अपघातांचे पंचनामे, डॉक्टरांचे दाखले असा सारा ऐवज त्यांत आहे. पावसाळ्यात एका कपाटाला मागून ओल आली, कसर लागली, आणि आमच्या चिटणीसांनी हाय खाल्ली. आम्ही एका संस्थेकडे अर्ज केला. संस्था भली. तिने एका अभिलेखपालाच्या पगारापुरते अनुदान मंजूर केले. मुदत दहा महिने. आम्ही पेढे वाटले आणि वर्तमानपत्रात जाहिरात दिली.

अर्ज आले तीन.

त्या तीन अर्जांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा करतो, कारण श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात असेल की कामगार संघटनेला जुन्या कागदांचे एवढे काय पडले आहे? कागद हे साहेबाचे काम, सावकाराचे काम. आम्हीही कधी काळी असेच समजत होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बारा जणांचे एक प्रकरण होते. बाराही जण एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, ठेकेदारामार्फत. वर्षानुवर्षे काम केले आणि एके दिवशी फाटकातून परत पाठवले गेले. आता औद्योगिक विवाद कायदा, १९४७ म्हणत असे की बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे दाखवा, म्हणजे तुमची एक वर्षाची सलग नोकरी धरू. दाखवायचे कशावरून? ठेकेदाराने मधल्या काळात तीन वेळा नाव बदलले होते. हजेरीपट मागितला तर उत्तर आले की पावसात भिजला. बारांपैकी अकरा जणांजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज काही नव्हते. बारावा मात्र दुसऱ्या दिवशी घरून तांदळाचा डबा घेऊन आला. त्याच्या कारभारणीने रोजचा गेटपास जपून ठेवला होता. महिन्याची चळत वेगळी, प्रत्येक चळतीला दोरा, आणि कीड लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा पाला. त्या बाईला अक्षरओळख जेमतेम होती. तिच्या नवऱ्याचे प्रकरण मिटले, चार पैसे हाती आले. बाकीच्या अकरांचे काय झाले ते त्यांचे त्यांना आणि आम्हांला ठाऊक आहे.

रसायनांच्या कारखान्यात हा प्रश्न आणखी तीव्र आहे. फुफ्फुसाचा किंवा कातडीचा विकार आज काम केले आणि उद्या झाला, असे होत नाही. पंधरा-वीस वर्षांनी दम लागू लागतो, आणि त्या वेळी हा माणूस कोणत्या खात्यात, कोणत्या टाकीजवळ, किती महिने उभा होता हे सांगणारा कागद लागतो. गिरणी कामगारांचेही तेच झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि घरांच्या योजनेत नाव लागावे म्हणून २०२३ नंतर सुमारे दीड लाख कामगारांना नि त्यांच्या वारसांना आपण गिरणीत होतो हे सिद्ध करण्यासाठी कागद सादर करावे लागले. तिकीट क्रमांक, लाल पास, विम्याचे कार्ड, हजेरीचा पुरावा. हयात गेली त्या गिरणीची चिमणीही उरली नाही, आणि लाल पास मात्र मागितला जातो.

आमच्या चळवळीचे आद्य पुरुष नारायण मेघाजी लोखंडे. १८९० साली त्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. पण त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनविषयी १८९२ सालच्या कारखाना कायद्याच्या अहवालात सरकारी अधिकाऱ्याने काय लिहून ठेवले? तर हिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, लोखंडे हे केवळ आल्यागेल्याला सल्ला देणारे गृहस्थ आहेत. गंमत अशी की त्या अधिकाऱ्याचा अहवाल नीट टिकला, आणि आजही लोखंड्यांविषयी लिहिणारा प्रत्येक जण त्याचाच आधार घेतो. ज्याचे दप्तर शाबूत, त्याचीच साक्ष.

असो. आता ते तीन अर्ज.

पहिला अर्ज एका निवृत्त शिक्षकांचा. वय बहात्तर. मोडी उत्तम, अक्षर मोत्यासारखे, पगार नको म्हणाले. पण अनुदानाच्या अटीत वयाची मर्यादा होती. दुसरा एक तरुण, संगणकाचा अभ्यासक्रम केलेला. त्याची समजूत अशी की कागद यंत्राखाली ठेवायचे, कळ दाबायची, झाले. त्याला आम्ही विचारले, "या बोचक्यात चारशे कागद आहेत. यांतला पहिला कोणता?" तो म्हणाला, "वरचा." उत्तर प्रामाणिक होते.

तिसरी एक मुलगी, बारामतीकडची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शाळेत एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालतो, तो केलेला. मोडी येते. सहा वर्षांत चार ठिकाणी काम केलेले. आम्हांस वाटले, देवच पावला. फिरंगाईला नारळ फोडायचेच काय ते बाकी. आम्ही प्रश्न विचारायला तोंड उघडले, तो तिनेच विचारले, "काका, आधी मी चार गोष्टी विचारू का?"

विचार म्हटले.

"दहा महिन्यांनी या कपाटांची किल्ली कोणाकडे?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. "काम अर्धे राहिले तर उरलेले अर्धे कोण करणार?" आम्ही म्हणालो, पुन्हा अर्ज करू. "मधल्या काळात मी कुठे?" यावर आम्ही गप्प. मग चौथा प्रश्न. तो आम्ही जन्मात विसरणार नाही. "तुम्ही कंपन्यांच्या फाटकावर सांगता, बारमाही कामाला बारमाही माणूस पाहिजे. माझे वडील तुमच्या सभेला यायचे. मग मी तुमच्या फाटकावर कोण?"

मंडळी, आम्ही आयुष्य ठेकेदारांशी भांडण्यात घालवले. त्या दिवशी खुर्चीच्या या बाजूला कोण बसले आहे हे आम्हांस प्रथमच दिसले. मानधनाचा आकडा ठरवणारे आम्ही. प्रॉव्हिडंट फंडाचे कलम गाळणारे आम्ही. "शिकायला मिळेल, अनुभव मिळेल" हे वाक्यही आमच्याच जाहिरातीत होते. ठेकेदाराच्या तोंडून ते किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही!

ती नोकरी तिने घेतली नाही. पण दोन तास बसली, चहा घेतला, आणि आपल्या धंद्याची रीत आम्हांस समजावून सांगितली. त्यातले जे आमच्या डोक्यात शिरले ते असे.

दप्तराच्या कामात पहिले तत्त्व म्हणजे कागद ज्या क्रमाने आला तो क्रम मोडायचा नाही. तारखेप्रमाणे लावावे, विषयाप्रमाणे लावावे, असा मोह होतो, तो आवरायचा. पंचनाम्याला पगारचिठ्ठी टाचलेली असेल तर त्या टाचणीलाही अर्थ आहे. कोणीतरी, काहीतरी सिद्ध करण्यासाठी ते दोन कागद जोडले आहेत. गंजलेली टाचणी काढायची, पण कागद एकत्र होते याची नोंद ठेवायची. ही दृष्टी पुस्तक वाचून येत नाही. एखाद्या संग्रहाशी ओळख व्हायला तीन-चार महिने जातात. कोणत्या कारकुनाचे अक्षर कोणते, कोण "कलम" लिहितो आणि कोण "बाब", कोणत्या ठेकेदाराची कोणती तीन नावे, हे हळूहळू डोळ्यांत बसते. आठव्या महिन्याला हात भराभर चालू लागतो. दहाव्या महिन्याला नेमणूक संपते.

आमच्या धंद्यातला माणूस हे चटकन ओळखतो. रासायनिक कारखान्यात नळ्यांचा नकाशा भिंतीवर लावलेला असतो. पण कोणता झडपा अर्धा फेराच फिरवायचा, कोणत्या जोडाला उन्हाळ्यात पाझर फुटतो, हे त्या पाळीवरच्या जुन्या माणसाला ठाऊक असते. ठेकेदार बदलला, माणसे बदलली, की ते ज्ञान फाटकाबाहेर जाते, आणि मग एखाद्या रात्री भोंगा वाजतो. दप्तरखान्यात भोंगा वाजत नाही, एवढाच काय तो फरक.

तिने एक उदाहरण दिले. एका संस्थेत तिने अकरा महिन्यांत काही रुमालांची यादी केली. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, हे पुणेकरांना सांगायला नको. प्रत्येक रुमालाला तिने क्रमांक दिले, खुणांची एक वही केली, आणि मुदत संपल्यावर वही कचेरीत सोपवली. पुढचे अनुदान येईपर्यंत दीड वर्ष गेले. नवा माणूस आला. त्याला वहीचा पत्ता नव्हता. त्याने पहिल्यापासून क्रमांक दिले. आज त्या रुमालांना दोन-दोन क्रमांक आहेत, आणि पूर्वी एखाद्या संशोधकाने आपल्या पुस्तकात दिलेला दाखला शोधायला गेले तर भलताच कागद हाती येतो. काम झालेच नसते तर बरे, अशी ही स्थिती.

आता तुम्ही म्हणाल, अशा नेमणुका करतात तरी कशाला? यात कोणी दुष्ट आहे असे आम्ही म्हणत नाही. अनुदानाचे पंचांग तसे आहे. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. मंजुरी यायला पावसाळा उलटतो, पहिला हप्ता दिवाळीच्या आगेमागे पडतो, जाहिरात, मुलाखती यांत डिसेंबर जातो. माणूस रुजू होतो जानेवारीत, आणि ३१ मार्चला खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यातून कपाटे, यंत्रे, संगणक यांवर खर्च करणे सोपे. वस्तूची पावती मिळते आणि उद्घाटनाला छायाचित्रही निघते. माणसाच्या शहाणपणाची पावती कोणी देत नाही. शिवाय अहवालात आकडा लागतो. किती पाने झाली, किती प्रतिमा निघाल्या. बारामतीकडच्या त्या मुलीने एका ठिकाणी हजारो प्रतिमा तबकडीत साठवलेल्या पाहिल्या. प्रत्येकीला यंत्राने आपोआप दिलेला क्रमांक, आणि कोणती प्रतिमा कोणत्या रुमालातली याची नोंद कुठेच नाही. पाने वाचली असे अहवालात आहे. आमच्या मते ती दुसऱ्यांदा हरवली.

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू केले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी, नोंद आणि जतन करण्याची. उद्देश चांगला; आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण मिशन हा शब्दच पाहा. मिशनला आरंभ असतो, मुदत असते, शेवट असतो. वाळवीला मुदत नसते.

या प्रश्नाची मुळे मात्र अनुदानाहून खोल आहेत, आणि ती पुण्यात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे हे आम्हां सर्वांचे पूज्य. खेडोपाडी पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या पुड्या होऊ घातलेली दप्तरे त्यांनी सोडवून आणली, ७ जुलै १९१० रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. नोकरी नाही, संसार नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या मागे कागदांवाचून दुसरी इस्टेट नव्हती. या तपश्चर्येपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण राजवाडे एकदाच होतात, आणि त्यांच्या नावाचा उपयोग पुढे कशासाठी झाला? जो कोणी दप्तराच्या कामाचे पैसे मागेल त्याला लाज वाटावी म्हणून. "हे काम पैशासाठी करायचे नसते" हे वाक्य आम्ही बालवाडीच्या ताईंबाबत ऐकले, आशाताईंबाबत ऐकले, आणि आता दप्तरदारांबाबत ऐकतो. कामाला पगार द्यायचा नसला म्हणजे त्यास मानधन म्हणतात. आमच्या अनुभवाने त्यात मानही थोडा आणि धनही थोडे.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांचे उदाहरण तर या विषयाला अगदी जुळणारे. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या कागदांची निवड करून छापण्याचे काम मुंबई सरकारने त्यांच्याकडे सोपवले. १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग निघाले. एवढ्या थोड्या वर्षांत, मूठभर सहायकांच्या बळावर एवढे काम, हे आजही थक्क करणारे आहे. आम्ही ते भाग संपूर्ण वाचले अशी फुशारकी मारणार नाही. दोन-तीन चाळले आहेत. पण कामगाराच्या नजरेने पाहा. रियासतकार बडोद्याची नोकरी संपवून १९२५ साली निवृत्त झालेले, उमेदीची वर्षे तिथे गेलेली. मोडी अंगवळणी पडलेली. म्हणजे या मुदतबंद कामाला लागलेले सारे शिक्षण कोणीतरी अगोदरच, कायम नोकरीत, दुसऱ्याच्या खर्चाने करून ठेवले होते. काम संपले, मंडळी पांगली. निवडीबाहेर राहिलेले कागद निवडलेल्यांच्या कितीतरी पट होते, ते पुन्हा रुमालांत बांधले गेले. मूठभर माणसे तशीच पुढे वीस वर्षे ठेवली असती तर आज काय असते, हा हिशोब कोणी मांडला नाही.

तो हिशोब २०२३ साली आपोआप समोर आला. मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाडा, मग सारा महाराष्ट्र. तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष उघडले गेले, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गावनमुने, शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर आली. त्यांतले किती तरी मोडीत. मराठवाड्यात उर्दू आणि फारसीसुद्धा. आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून एकच हाक उठली, मोडी वाचणारा आणा! प्रश्न आरक्षणाचा होता, त्याविषयी या व्यासपीठावर आमचे मत सांगण्याचे कारण नाही. पण लाखो कुटुंबांचे भवितव्य एका लिपीच्या वळणावर येऊन थांबले होते, आणि ती लिपी वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. जी होती ती घाईघाईने, तात्पुरत्या बिदागीवर बोलावली गेली. जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे ५४ लाख नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले. नोंदी सापडल्या, गर्दी ओसरली, वाचणारे आपापल्या घरी गेले.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते, हौशी मंडळी शिकतात, पण शिकून पुढे काय, याला उत्तर नाही. ज्या विद्येच्या शेवटी नोकरी नाही ती विद्या हौशीवर जगते, आणि हौस ही रविवारी दुपारी असते.

हे दुखणे आपल्या एकट्याचेही नव्हे. इंग्लंड-अमेरिकेत अशा नेमणुका सर्रास होतात. जून २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुदतबंद नेमणुकीवर असलेल्या काही अभिलेखपालांनी उघड पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की काम कायमचे आहे आणि आम्हांला मात्र ठराविक मुदतीवर ठेवता. त्यांच्या संघटनेने ती तक्रार हाती घेतली. आम्हांस त्या पत्राची हकीगत कळली तेव्हा, खरे सांगतो, बरे वाटले. एवढ्या दूरच्या, एवढ्या शिकलेल्या माणसांनी आमच्या फाटकावरचेच वाक्य लिहिले होते.

कायद्याचे काय, असे आमचे वकील मित्र विचारतील. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक चांगली कसोटी होती. काम बारमाही स्वरूपाचे आहे काय, आणि असे काम इतरत्र कायम कामगार करतात काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, जुने कायदे गेले. नव्या व्यवस्थेत मुदतबंद नेमणुकीला मान्यता आहे, आणि एक वर्ष भरले तर ग्रॅच्युइटीचा हक्कही आहे. एक वर्ष भरले तर! म्हणून तर नेमणूक दहा किंवा अकरा महिन्यांची. ती लांबवायची झाली तर मध्ये "तांत्रिक खंड". माणूस एक-दोन दिवस घरी बसतो आणि कागदोपत्री नवा होऊन परत येतो. एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालानंतर तर सरकारी कचेऱ्यांतल्या हंगामी माणसाने कायम होण्याची आशा धरणे फारच कठीण झाले.

परंतु दौंड हे रेल्वेचे गाव आहे, आणि रेल्वेची एक गोष्ट इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. रेल्वेच्या प्रकल्पांवर वर्षानुवर्षे हंगामी मजूर असत. रेल्वेचे म्हणणे, प्रकल्प संपला की मजूर संपला. १९८५ साली इंद्रपाल यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर योजना आली, आणि ३६० दिवस सलग काम केलेल्या प्रकल्पमजुरांना "तात्पुरता दर्जा" आणि पुढे सामावून घेण्याची वाट मिळाली. प्रकल्प संपतो, पण रेल्वे संपत नाही. एका पुलावरचा माणूस दुसऱ्या पुलावर जाऊ शकतो, एवढे साधे तत्त्व. दप्तराला ते लागू करायला काय हरकत आहे? एका जिल्ह्यात एखादी संस्था, दोन नगरपालिका, तीन-चार साखर कारखाने, एखादे महाविद्यालय, प्रत्येकाकडे जुने कागद आहेत आणि प्रत्येकाकडे सहा-आठ महिन्यांचा पैसा आहे. या सर्वांनी मिळून दोन माणसे कायम ठेवावीत आणि कामे पाळीपाळीने द्यावीत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास सांगतेच, की अभिलेख सूचीबद्ध करून ठेवा. सूची आपोआप होत नाही. ऊसतोडीची टोळीसुद्धा हंगामी असते, पण तिला पुढच्या वर्षीचा हंगाम ठाऊक असतो. दप्तरदाराला तेवढेही नाही.

"पैसा कोठून आणायचा?" हा प्रश्न आमच्या खजिनदारांनीही विचारला, आणि मोठ्या आवाजात विचारला. कारण आम्ही संस्थेला पत्र लिहिले, की दहा महिन्यांचा पूर्ण पगार वीस महिन्यांच्या अर्धवेळ पगारात बदलून द्या, पुढचा भार आम्ही उचलतो. संस्थेचे उत्तर नम्र होते: नियमात बसत नाही. अनुदान परत करावे लागले. खजिनदार आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. आलेला पैसा परत करणारी संघटना त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि त्यांच्या रागात तथ्य होते. ज्या सभासदांची वर्गणी थकलेली, त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

शेवटी सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवला. वाटले होते हशा होईल. पण त्या बारांपैकी एक जण उठला, त्या अकरांतला, ज्याच्याकडे गेटपास नव्हता. तो आता भाजीचा गाडा लावतो, सभासदही नाही, पाहुणा म्हणून मागे बसला होता. तो म्हणाला, "माझं गेलं ते गेलं. ह्या पोरांचं तरी लिहून ठेवा." एवढे बोलून खाली बसला. ठराव झाला, की कचेरीचे भाडे आणि विजेचे बिल यांच्या ओळीखाली, दरमहाच्या कायम खर्चात, दप्तराची एक ओळ घालावी, आणि त्यासाठी वर्गणी पाच रुपयांनी वाढवावी.

त्या पैशांत पूर्ण वेळचा माणूस बसत नाही. तो संगणकवाला तरुण, ज्याने "वरचा" असे उत्तर दिले होते, तो आठवड्याचे तीन दिवस येतो, नेमणूकपत्रात मुदतीची तारीख नाही. निवृत्त गुरुजी शनिवारी त्याच्याजवळ बसतात. वयाची अट आता आमची आम्हीच काढून टाकली. बारामतीकडची ती मुलगी सध्या पाचव्या ठिकाणी आहे, तेही मार्चअखेरचेच. महिन्यातून एकदा फोनवर त्या तरुणाची हजेरी घेते, आणि त्याच्या चुकांची यादी आम्हांलाही ऐकवते. चौदा बोचक्यांपैकी तीन उलगडली आहेत. तिसऱ्यात एक हजेरीपट मिळाला, चार पाने ओलीने चिकटलेली. गुरुजींनी ती सोडवू दिली नाहीत. आधी टिपकागदात दाबून सुकू देत, म्हणाले, घाई काय आहे, तुझी नोकरी थोडीच संपते आहे.